आकाराम फौजीचं डालगं

कुणी नवं घर बघायला बोलावलं की आकाराम फौजी टाळायला निमित्त शोधायचा. शिराळ्याच्या खाली, उसाच्या पट्ट्यात गेल्या दहा वर्षांत बंगले उठले होते, आणि प्रत्येक बंगल्यात छताखाली दुसरं छत. पांढऱ्या पीओपीचं, कडांना लाटा, मधोमध कमळ. कमळाच्या पाकळ्यांतून निळा उजेड, लाटांमधून जांभळा, आणि बाकी सगळ्या छतभर भोकं पाडून बसवलेले डोळे वटारलेले पांढरे दिवे. घरमालक रिमोट दाबून एकेक दाखवायचा. आकाराम मान वर करून बघायचा, "झ्याक हाय" म्हणायचा, आणि बाहेर येऊन चूळ भरायचा. नासलेल्या दुधाचा घोट तोंडात गेल्यासारखं व्हायचं त्याला.

"लोकांच्या घरात दिवं लागल्यालं बघून वकारी येनारं तुमीच एक," त्याची बायको राणी म्हणायची. "डाक्टरला तरी दाखवा एकदा."

डॉक्टरला काय सांगणार? स्वतः वायरमन असलेल्या माणसाला दिव्यांची शिसारी येते, हे त्यालाही विचित्र वाटत असे.

तो पलटणीत इलेक्ट्रिशियन होता. भरतीनंतर चौथ्या वर्षी त्याला बर्फातल्या एका चौकीवर पाठवलं. अकरा माणसं, एक बंकर आणि जनरेटरवर चालणारा एकच बल्ब. तो बल्ब उघडा, डोळ्यांच्या रेषेत लोंबणारा. माणसं त्याच्याकडे पाठ करून बसायची, पाठ करून जेवायची, आणि का कोण जाणे, सारखी भांडायची. आकारामने दूध पावडरचा मोठा डबा कापला, आतून पांढरा रंग फासला, बल्ब त्यात वर ढकलून दिसेनासा केला आणि डबा छताला उलटा टांगला. बल्बचा उजेड आधी पांढऱ्यावर पडला आणि तिथून सावकाश खाली उतरला. खोक्यावर एक गोल पडला. दोघंजण त्या गोलात पत्ते खेळायला बसले. गोलाच्या कडेला एकाने पत्र लिहायला घेतलं. कडेपलीकडच्या अंधारात एकजण झोपला. त्या संध्याकाळी बंकरमध्ये कुणी कुणावर आवाज चढवला नाही.

तिथून त्याने एक गोष्ट मनाशी धरली ती कायमची. दिवा दिसता कामा नये, उजेड दिसावा.

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो घरी आला आणि वायरिंगची कामं घेऊ लागला. त्याची पद्धत वेगळी होती. इतर वायरमन दुपारी येऊन भिंतीवर खडूच्या खुणा करून जात. आकाराम दिवेलागणीच्या आधी यायचा आणि सगळ्या घराला बोलवायचा. भिंतींना अजून गिलावा नाही, खिडक्यांना गज नाहीत, आणि हा सांगायचा, "हं, आता संध्याकाळचं जे करता ते करा." घरच्या बाईने नसलेल्या चुलीपुढे बसून नसलेली भाकरी थापायची. म्हाताऱ्याने उशाला तांब्या चाचपायचा. पोरीने वही उघडायची. अंधार दाटत जायचा तसा आकाराम नुसते हात बघत बसायचा. जिथे हात अडखळला तिथे उठून भिंतीवर फुली मारायची. कुठे सात फुल्या पडायच्या, कुठे आठ. तेवढेच दिवे.

"फौजी घरात नाटक बशिवतंय," लोक हसायचे. पण ज्यांनी फुल्यांप्रमाणे दिवे लावून घेतले, त्यांच्या बायका पुढे भेटल्या की आवर्जून चहाला थांबवायच्या.

दिवेही तो स्वतः करायचा. मिरजेच्या एका भांडीवाल्याकडून जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, खोल पातेली आणायची, काठ कापून टाकायचा, आतून डिंक घातलेल्या चुन्याचे तीन हात द्यायचे. बाहेरून काही नाही. रंग नाही, नक्षी नाही. त्याच्या स्वतःच्या घरात अशी सहा टांगलेली होती. संध्याकाळी राणी पीठ मळायला बसली की काटवटीत उजेड भरायचा, तिच्या मनगटापर्यंत चढायचा आणि तिथेच थांबायचा. मागची भिंत काळोखात राहायची. त्या भिंतीवर बांगड्यांची सावली मोठी होऊन हलायची. जेवताना माणसांचे चेहरे एका बाजूने दिसायचे आणि दुसरी बाजू ज्याची त्याला राहायची.

गावाने त्या दिव्याला नाव ठेवलं डालगं. कोंबड्या झाकायची बांबूची टोपली असते ना, ते.

"फौजी, कोंबड्या डालल्यात व्हय रं छताला?"

"व्हय गड्या. अंडी पडली की देतो धाडून."

डालगं लोक गोठ्याला लावून घ्यायचे, फार तर सैपाकघरात. पाहुण्यांच्या खोलीत कुणी लावत नसे. आकारामला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आपल्या हाताने छताला भोकं पाडायची नाहीत एवढंच त्याने ठरवलं होतं, आणि अकरा वर्षं पाळलं होतं.

मग त्याच्या थोरल्या बहिणीचं घर निघालं.

अंजनाक्का कराडजवळच्या एका गावात दिलेली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा वीरधवल याने जेसीबी मशिनं घेऊन चांगलं बस्तान बसवलं होतं. जुनं घर पाडून त्याने बंगला बांधायला काढला तेव्हा अंजनाक्काने एकच अट घातली. "माझ्या घराची वायर माझ्या भावाच्या हातची."

आकाराम बुलेटवर पिशवी टाकून गेला. संध्याकाळी त्याने बहिणीला उघड्या विटांच्या घरात फिरवलं. अंजनाक्काच्या डोळ्यांना काचबिंदू होता. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर येणार नाही, आहे ती सांभाळायची. कडेचं तिला दिसत नसे, आणि समोरून झगझगीत काही आलं की मधलंही पुसून जायचं. ती आपल्या होणाऱ्या खोलीतून होणाऱ्या न्हाणीकडे चालत गेली. मध्ये हॉल होता, दोन पायऱ्या खोल. तशी फॅशन होती. पायऱ्यांशी ती थांबली, पायाच्या अंगठ्याने कड शोधली, उतरली. आकारामने तिथे पहिली फुली मारली. सगळ्या घरात मिळून नऊ झाल्या.

दुसऱ्या दिवशी इंटेरियरवाला जयराज आला. सांगलीत ऑफिस, अंगाला अत्तराचा वास, हातात टॅब. त्याने फुल्या मोजल्या आणि वीरधवलकडे बघून हसला.

"मामा, नऊ पॉइंट तर आपल्याला एकट्या टीव्हीच्या भिंतीला लागतात."

"टीव्ही भिंतीकडं बघनार हाय का मानसं टीव्हीकडं?" आकाराम म्हणाला.

"आवं मामा," वीरधवल मध्ये पडला, "ऐका की. लोकं येत्यात, बघत्यात. मानसाची पत लायटिवरनं कळती आता. तुमचं डालगं मशिनीच्या शेडला लावू आपण, चार लावू!"

त्याच वेळी पिशवी उचलून निघायला हवं होतं. पण बहीण दारात उभी होती, मुलाच्या घराचं कौतुक डोळ्यांत मावत नसलेली, आणि भाच्याने खांद्यावर हात टाकला होता. आकाराम नाही म्हणाला नाही. दोन महिने तो शिडीवर उभा राहून छताला भोकं पाडत होता. एकशे बारा. पीओपीची भुकटी पापण्यांवर बसायची, दातांत करकरायची. पायऱ्यांच्या खाली लावायची एलईडीची चिकट पट्टी त्याने गुडघ्यांवर बसून, अंगठ्याने दाबत दाबत चिकटवली. घरी गेल्यावर राणी विचारायची, "जेवाय वाढू?" तो म्हणायचा, "नगं. तोंडाला चव न्हाई."

वास्तुशांतीला तो मामा म्हणून गेला. फेटा बांधला होता. आहेर म्हणून बहिणीला लुगडं आणि आपल्या हातची दोन डालगी नेली, चांगली निवडून, आतून पाच हात दिलेली. लुगडं तिने लगेच नेसलं. डालगी कुणीतरी आत नेली. तेवढ्यात जयराज धावत आला आणि त्याच्या हातात रिमोट दिला.

"मामा, ऑपरेट तुम्हालाच येतंय. पाहुणे आत आले की पहिला सीन, पूजेला दुसरा, जेवणाला तिसरा."

फेटा बांधलेला मामा दुपारभर बोर्डाशेजारी उभा होता. पाहुण्यांची टोळी आत आली की बटण दाबायचं. छत निळं व्हायचं, बायका "अगं बाई" म्हणायच्या, पुरुष मोबाईल वर धरायचे. एक म्हातारबुवा म्हणाले, "येळकोट! जत्रंतल्या पाळन्यात बसल्यागत वाटतंय." आकारामने तिसरा सीन लावला तेव्हा पानातला भात गुलाबी झाला. भात, वरण, कढी, सगळ्याला एकच रंग. लोक ते बोटांनी कालवून तोंडात घालत होते आणि वर बघत होते. त्याला पहिल्यांदा त्या दिव्यांपेक्षा स्वतःच्या हाताची किळस आली. तो न जेवता निघाला.

पुढे पाच महिने त्याने कराडकडे जायचं टाळलं. फोनवर बहीण म्हणायची, "बरं हाय." भाऊबीज आली तेव्हा मात्र जाणं भाग होतं.

तो पोचला तेव्हा साडेपाच झाले होते. बाहेर अजून ऊन होतं आणि आत सगळे दिवे चालू होते. वीरधवलची बायको संयोगिता हिचे तीन भाऊ आले होते, म्हणून पहिला सीन. हॉलच्या कोपऱ्यात एका लाकडी स्टुलावर आकारामला ओळखीचं काहीतरी दिसलं. त्याचं डालगं होतं, तोंड वर करून ठेवलेलं, आणि त्यात प्लॅस्टिकची सूर्यफुलं खोचली होती.

"मामा, छान दिसतंय ना?" संयोगिता मनापासून म्हणाली. "दुसरं माळ्यावर आहे. त्यात पण काहीतरी करणार आहे मी."

"करा," आकाराम म्हणाला.

अंजनाक्का पायऱ्यांच्या वर, आपल्या खोलीच्या दाराशी सोफ्यावर बसली होती. वाळली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. भावाचा आवाज ऐकून ती हसली, पण उठली नाही. संयोगिताने हाताला धरून तिला उठवलं, पाटाशी आणलं. निरांजन पेटवून ताट तिच्या हातात दिलं. एकशे बारा दिव्यांखाली निरांजनाची ज्योत दिसतच नव्हती. नुसती वात तेवढी दिसत होती, आणि तिच्यावर हवा किंचित थरथरत होती. अंजनाक्काने कुंकवाचं बोट पुढे केलं. ते कपाळावर न टेकता भुवईवर टेकलं, आणि खाली पापणीपर्यंत ओघळलं.

संयोगिताचा धाकटा भाऊ मोबाईलवर शूटिंग करत होता. तो फिसकन हसला. "आत्या, नेम चुकला!"

"लय उजेड हाय रं बाबा," अंजनाक्का म्हणाली. "दिसंना झालंय."

तिने अंदाजाने ओवाळलं. आकाराम पाटावर बसून होता. डोळ्यात कुंकू गेलं होतं आणि तो ते पुसत नव्हता. ओवाळून झालं तशी संयोगिताने खाली हॉलातल्या माठातून पाण्याचा पेला भरून सासूपुढे धरला. अंजनाक्काने ओठ ओले केले आणि पेला परत दिला.

"पानी पी की आक्का. व्हट फुटल्यात."

"चार वाजल्यापास्नं न्हाई पीत मी."

"का?"

ती भावाच्या कानाशी वाकली. घरातल्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, पण तिचा आवाज मुळातच मोठा. "रातच्याला उठाय लागतं न्हवं. त्या दोन पायऱ्यांच्या चार दिसत्यात मला. फरशीत बी लाईट, खाली बी लाईट. पाय कुठं ठिवू? दोनदा बसून, सरकत सरकत उतरले बघ, तान्ह्या पोरागत. सून बघंल म्हणून लाज वाटती. त्यापरीस पानीच नगं."

"मला कधी बोलल्याच नाहीत," संयोगिता हळूच म्हणाली.

"काय बोलू बाई? तुमी एवढी हौसंनं लावलंय."

आकारामला चूळ भरायला बाहेर जावं असं वाटलं, पण या वेळी चूळ भरून भागणार नव्हतं. ती पट्टी त्याच्याच अंगठ्याने दाबलेली होती. नऊ फुल्या कुणी पुसल्या? तो स्वतःच शिडीवर उभा होता, हातात ड्रिल घेऊन. बहिणीने सगळ्या जगातून एकाच माणसावर हे काम सोपवलं होतं.

"वीरू," तो उठत म्हणाला, "ओवाळणी द्यायची राहिली."

त्याने बाहेर जाऊन बुलेटवरची पिशवी आणली आणि सरळ जिन्याखालच्या मीटरच्या पेटीकडे गेला. मेन पाडला. घर एकदम विझलं.

"मामा! काय झालं?"

"काय न्हाई. बस."

टेस्टर लावून बघितलं, आणि छताला जाणाऱ्या वायरी त्याने एकेक करून सोडवायला घेतल्या. पंख्यांच्या ठेवल्या, सॉकेटच्या ठेवल्या. छताच्या चौदा होत्या. तोंडांना टेप गुंडाळून त्यांची नीट वेटोळी केली. सवय होती तशी.

वीरधवल मागे येऊन उभा राहिला. "मामा, डोकं फिरलंय का तुमचं? पावनं बसल्यात घरात. किती हौसंनं केलंय ह्ये सगळं! तुमाला आमचं बरं झाल्यालं बघवत न्हाई व्हय?"

"बघवत न्हाई," आकाराम म्हणाला. त्याने मान वळवली नाही. "तुझी आई तहानंली बसती ती बघवत न्हाई. तुला बघवतंय?"

"तिनं सांगायचं न्हवं का! तिच्या खोलीत बेल लावली असती."

"बेल!" आकाराम थुंकायच्या बेतात आला होता. नव्या फरशीकडे बघून थांबला. "मानसाला मुतायला घंटा वाजवाय लावनार तू."

बाहेरचा मावळता उजेड दारातून आत येऊन फरशीवर आडवा पडला होता. ताटातलं निरांजन आता दिसू लागलं होतं. त्याचा पिवळा गोल अंजनाक्काच्या हातावर, लुगड्याच्या काठावर होता, आणि मागच्या टीव्हीच्या भिंतीवर तिची एक मोठी सावली बसली होती. ज्या पोराने शूटिंग केलं होतं तो मोबाईल खाली ठेवून त्या सावलीकडे बघत होता. संयोगिता उठली, स्टुलाजवळ गेली. डालग्यातली प्लॅस्टिकची फुलं तिने उपसून काढली, आत फुंकर मारली आणि ते आकारामकडे आणून दिलं. तिचा चेहरा रागावलेला होता की ओशाळलेला, ते आकारामला कळलं नाही, आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

त्याने पिशवीतून होल्डर काढला, बल्ब वर दडवला, सॉकेटवरून वायर घेतली आणि पायऱ्यांच्या वर, सजावटीच्या एका हुकाला डालगं टांगलं. मेन चढवला. छत काळं राहिलं. पायऱ्यांवर वरून उजेड पडला आणि वरची पायरी उजळ, खालची तिच्या सावलीत, अशा दोघी वेगळ्या दिसल्या.

वीरधवल फोन लावत होता. "व्हय, उद्या सकाळी या. सगळं परत जोडायचं हाय... न्हाई न्हाई, फाल्ट न्हाई. घरचीच भानगड हाय."

"कोन येतोय?" अंजनाक्काने विचारलं.

"वायरमन."

"येऊ दी. मी सांगीन त्याला." ती सोफ्याच्या हाताला धरून उभी राहिली. "माझी खोली, ह्या पायऱ्या आन् न्हाणी, हितं आकाराम लावंल त्येच ऱ्हाईल. म्होरल्या अंगाला तुमाला जत्रा भरवायची ती भरवा."

म्हणजे उद्या निम्मं छत परत पेटणार. निळं, जांभळं, भात गुलाबी करणारं. आकारामने पेटीचं झाकण लावलं. तोंडातली कडवट चव गेली नव्हती.

अंजनाक्का पायऱ्यांकडे निघाली. कुणी हात द्यायला पुढे झालं तर तिने झिडकारलं. काठावर आली आणि एकदम थांबली.

पायरीच्या खाली अजून एक पांढरी रेघ जळत होती. पट्टी इन्व्हर्टरवर होती. लाईट गेली तरी पाहुण्यांना दिसावी म्हणून जयराजने तशी सांगितली होती आणि आकारामने तशीच जोडली होती. फरशीत तिची दुसरी रेघ पडली होती.

"अजून चारच दिसत्यात रं," ती म्हणाली.

आकाराम खाली बसला. वायर शोधायला, पेटीकडे जायला थांबला नाही. पट्टीच्या टोकाखाली नख घातलं आणि ओढली. ती ताणत, चरचरत सुटत गेली, सोबत फरशीच्या कडेचं पॉलिश घेऊन, आणि शेवटच्या वीतभर तुकड्यावर विझली. गोंद त्याच्या बोटांना, तळहाताला चिकटून राहिला. त्याने हात धोतरावर घासला तरी सुटेना.

त्याच्या खांद्याला धरून बहीण दोन पायऱ्या उतरली, आणि मग खांदा सोडून पाण्याच्या माठाकडे गेली.